मुंगीची बोली

१२ मार्च

दादा,

तारीख अंदाजाने टाकलीय. इथल्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या वर्षाचं आहे, त्यावरचं चित्र मावशीला आवडतं म्हणून ती ते उतरवत नाही. पत्र तुझ्या कंपनीच्या ऑफिसात देतेय. जहाज ज्या बंदराला लागेल तिथं पोचवू म्हणाले. फोन तू उचलत नाहीस. का, ते विचारायला मी लिहीत नाहीये, घाबरू नकोस.

मी मुंगीकडे आलेय. म्हणजे तिच्या मावशीकडे, इस्त्रीच्या दुकानात. आकाशपाळण्याचं माझं काम सुटलं, मालकाने पाळणाच विकून टाकला, मग मी तिकिटं कशाची फाडणार? तो उतरवताना तू बघायला हवा होतास. एवढं धूड, वर गेलं की लोक देवाचा धावा करायचे, आणि शेवटी दोन ट्रकांत मावलं. असो. चार दिवस राहून पुढे जायचं असं ठरवून आले होते, अजून पुढे गेले नाही. मावशी काही विचारत नाही. एवढंच म्हणाली, आलीच आहेस तर गठ्ठे बांध.

तुझी लेक मजेत आहे. सहावं लागलंय. नाव मुंगी पडलंय ते बरोबरच आहे, एका जागी ठरत नाही आणि गोड कुठे ठेवलंय ते तिला वासाने कळतं. जूनमध्ये शाळा.

संध्याकाळचं वाचन अजून चालू आहे. वहिनीने सुरू केलेलं. इस्त्र्या बंद करतात, गठ्ठे फळीवर चढवतात आणि गल्लीतली सगळी बारकी पोरं त्या मोठ्या टेबलावर चढून बसतात. टेबल ऊबदार असतं ना, एकदा बसली की उठत नाहीत. वहिनी वारली तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं आता. तर दुसऱ्याच संध्याकाळी बेकरीवाल्या काकू एप्रन न सोडता आल्या, स्टुलावर बसल्या आणि पुस्तक उघडलं. तेव्हापासून पाळ्या आहेत. आज सलूनवाले काका होते. त्यांचा वाघ आणि त्यांचा ससा दोघंही रेडिओवर बातम्या दिल्यासारखे बोलतात, पण पोरं तोंड उघडं टाकून ऐकतात.

आणि मुंगीची बोली. तू गेलास तेव्हा मोजके शब्द होते, तिचे आणि वहिनीचे. आता अख्खी बोली झालीय. पाणी म्हणजे डुबी. चावता येईल ते सगळं गापी. गरम असेल ते फुस, मग ती इस्त्री असो नाहीतर तापलेली मावशी. मांडीवर घे म्हणायचं असेल तर हुमू. आणि जो समोर नाही तो 'आलो'. निघताना सगळे 'आलो हं' म्हणूनच निघतात, त्यात तिची काय चूक? वहिनी आलो, तू आलो, सलूनमधला दुरुस्तीला गेलेला पंखा तोही आलो.

गल्ली सगळी हेच बोलते. वहिनीचे शब्द आहेत, ते कोण मोडणार? वाचतानासुद्धा कुणी 'पाणी' म्हणत नाही, नाहीतर मुंगी पुस्तक मिटून टाकते. काकूंनी तर कमालच केलीय. बेकरीतल्या बरण्यांना लावतात त्या चिकट चिठ्ठ्या आणून त्यांनी सगळ्या पुस्तकांत छापील शब्दांवर मुंगीचे शब्द चिकटवलेत. सुंदर अक्षरात. मुंगी बोट ठेवते आणि धडाधड वाचते. एवढी वाचणारी पोर या वयात दुसरी नाही असं सगळी गल्ली म्हणते. मीही म्हटलं.

या बोलीमुळेच तू गेलास हे मला माहीत आहे. तुला ऐकवत नव्हतं. मला ऐकवतं, पण मी तिची आत्या आहे, वहिनीचा नवरा नाही.


२३ मार्च

दादा,

शाळेत ओळखभेट झाली. परीक्षा नाही म्हणतात, ओळखभेट. मावशीने फ्रॉकला इतकी इस्त्री केली की मुंगीला खुर्चीत नीट बसताच येईना. मावशीला दुकान सोडवेना म्हणून मी घेऊन गेले. मी शाळेत पाऊल टाकलं आठवीनंतर पहिल्यांदा. अजून तोच वास, ओल्या फळ्याचा. माझे पाय आपोआप मागच्या बाकाकडे वळले.

बाई चांगल्या आहेत. उंच, हळू बोलणाऱ्या, चष्मा डोक्यावर. त्यांनी चित्रं दाखवली. मुंगीने सगळी ओळखली, पटापट. पेला दाखवला, डुबी. पाव दाखवला, गापी. मग त्यांनी विचारलं, तहान लागली की तू काय करतेस? तर मुंगीने त्यांना सांगितलं की मावशीचा माठ कोपऱ्यात असतो, त्यावर पितळेची झाकणी असते, ती पडली की मावशी फुस होते, म्हणून ती काकूंकडे जाऊन पिते आणि गापीही मिळते. सगळं सांगितलं. हातवारे करून. माझी मान ताठ झाली. मी बाईंना एकेक शब्द समजावून सांगत होते.

बाईंनी मला विचारलं, ही भाषा तुम्हाला येते? मी म्हटलं, आमच्या सगळ्या गल्लीला येते. अशा फुशारकीने म्हटलं, दादा, की आता आठवलं तरी कान तापतात.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग काकूंच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक मीच पिशवीतून काढून दाखवलं. त्यांनी ते चाळलं, एका चिठ्ठीचा कोपरा नखाने उचलला, खालचा शब्द बघितला आणि परत दाबून ठेवला.

मला म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण इथं वर्गभर मुलं असतात आणि मी एकटी असते. तिला तहान लागली हेच मला कळलं नाही तर?"

मी म्हटलं, मी दाराशी बसेन. त्या हसल्या नाहीत. मे अखेर पुन्हा घेऊन या म्हणाल्या. तोपर्यंत घरात नेहमीचे शब्द ठेवा. तेव्हा जमलं तर याच वर्षी पहिलीत, नाहीतर एक वर्ष थांबू आणि तिला बोलणं शिकवायच्या केंद्रात पाठवू. ते केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथं मुलांना ठेवूनच घेतात, आठवड्याने घरी.

मुंगी परत येताना सगळा रस्ता माझं बोट धरून उड्या मारत होती. तिला वाटलं तिने मैदान मारलं. मलाही तसंच वाटत होतं, बाईंनी पेन्सिल ठेवेपर्यंत.


४ एप्रिल

दादा,

तुझं काही आलं नाही. ऑफिसातला माणूस म्हणतो, जहाज अजून पाण्यातच आहे. मी म्हटलं, जहाज पाण्यातच असतं. त्याला विनोद कळला नाही.

इथली गल्ली तुला माहीत आहे. करतील तर जीव ओतून, नाहीतर करणारच नाहीत. मी बाईंचा निरोप सांगितला आणि त्याच संध्याकाळी पोरांना घरी पाठवून मोठी माणसं टेबलाभोवती जमली. काकू रडल्या. म्हणाल्या, माझ्याच चिठ्ठ्यांनी पोरीचं वाटोळं केलं. मावशी म्हणाली, चिठ्ठ्या नाहीत गं, आपण लाडावलं. कुणी कुणाला दोष दिला नाही, प्रत्येकाने आपापल्या डोक्यावर घेतला, त्यात निम्मा वेळ गेला.

मग सलूनवाले काका उठले. बाईंनी सांगितलं होतं की नेहमीचे शब्द वापरा. काकांनी त्याच्यापुढे एक पाऊल टाकलं. म्हणाले, वापरून काय होणार, तिचं काम तर तिच्या शब्दांत भागतंच आहे. मग ती आपले शब्द घेईल कशाला? उद्यापासून तिचं बोलणं कुणाला कळायचंच नाही. डुबी म्हणाली, कळलं नाही. हुमू म्हणाली, कळलं नाही. पाणी म्हणेल तेव्हा पाणी. आठ दिवसांत पोपटासारखी बोलेल.

सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही असं लिहायला आवडलं असतं. मावशी तेवढी म्हणाली, "आणि रात्री आईला हाक मारेल तेव्हा?" काका म्हणाले, तेव्हाही. ते खाली बघून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगी उठली, मावशीकडे गेली आणि डुबी मागितली. मावशी म्हणाली, काय पाहिजे बाळा? मुंगीला वाटलं गंमत आहे. ती हसली, मोठ्याने म्हणाली. मावशी म्हणाली, कळलं नाही गं. मग ती माझ्याकडे आली. मी शर्टाची घडी घालत होते. तीच घडी पुन्हा पुन्हा. मीही म्हटलं, कळलं नाही. मग ती काकूंकडे गेली, तिथून सलूनमध्ये. दारातून बघत होते मी, लाल फ्रॉक या दुकानातून त्या दुकानात. सगळ्यांनी अगदी मायेने विचारलं, काय पाहिजे बाळा?

शेवटी तिने माठाकडे बोट दाखवलं. बोट दाखवलं तर द्यायचं की नाही हे आदल्या संध्याकाळी ठरवायचं राहून गेलं होतं. मावशीने दिलं.

पुस्तकांवरच्या चिठ्ठ्या काकूंनी ओल्या फडक्याने काढल्या. काही निघाल्या, काहींबरोबर खालचा कागदही आला. त्या जागी आता भोकं आहेत.


२० एप्रिल

दादा,

आज तुला गंमत सांगते. काल मी मुंगीला घेऊन बसने फिरायला गेले. मावशीला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. कुठल्या तरी नंबरची बस पकडली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिलो. शेवटचा थांबा म्हणजे नुसतं मोकळं मैदान, एक बंद पडलेलं कारंजं आणि एक कुत्रं. कंडक्टर म्हणाला, इथं कुणी उतरत नाही. मी म्हटलं, मग आम्ही उतरतो. माझं आयुष्यभर असंच चालत आलंय. कामाला लागले तिथं टिकले नाही, पण असे शेवटचे थांबे मी खूप बघितलेत. एका गावात शेवटच्या थांब्यावर दारूगोळ्याचं कोठार होतं आणि राखणदार स्वेटर विणत बसला होता. त्याने मला उलटा टाका शिकवला होता, विसरले.

मुंगी फार खूश होती. येताना झोपली.

बाकी ठीक. तिने आता 'हो' आणि 'नको' स्वच्छ म्हणायला सुरुवात केलीय. काका म्हणतात, बघा, लागला गुण. वाचनाला ती टेबलाच्या अगदी कडेला बसते. पुस्तकातल्या भोकांत बोट घालून बघते.

तू कुठे आहेस? निदान समुद्राचं नाव तरी कळव.


९ मे

दादा,

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं.

त्या बसमध्ये, आपली गल्ली मागे पडल्यावर, मी तिच्याशी तिच्या बोलीत बोलले. मला राहवलं नाही. इतकंच म्हटलं, मुंगी, डुबी हवी? तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मेले होते आणि परत आले. मग जी सुरू झाली ती शेवटच्या थांब्यापर्यंत थांबली नाही. सगळं साठलेलं. मावशीला काय झालंय, काकूंचे कान बिघडलेत का, सगळे असे का झालेत. विचारत होती की सगळे 'आलो' झालेत का. समोर दिसतात पण आलो. मी तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, नाही गं, मी आहे ना.

आणि परत गल्लीत उतरल्यावर ती धावत दुकानात गेली, मला ओढत घेऊन. मावशीसमोर उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, हुमू. मावशी माझ्याकडे बघत होती. काका सलूनच्या दारात होते, साबणाचा ब्रश हातात.

मी म्हटलं, काय पाहिजे बाळा?

दादा, तिने पुन्हा विचारलं नाही. रडली नाही. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग माझा हात सोडला आणि जाऊन गठ्ठ्यांमागे बसली. त्या दिवसापासून ती बोलत नाही. 'हो', 'नको' मी लिहिलं ते बसच्या आधीचं, आता तेही नाही, काहीच नाही. आपलं बोलणं कुणाला कळतच नाही असं तिला वाटत होतं, तोवर ती मागत होती. कळतं आणि तरी देत नाहीत, हे तिला माझ्यामुळे कळलं, असं मला वाटतं. करायला गेले एक.

मावशीला मी सांगितलं. वाटलं होतं हाकलून देईल. तिने इस्त्री उभी केली, पाण्याचा हबका मारला, वाफ निघाली. म्हणाली, "मी पण दोनदा बोलले गं. रात्री, ती झोपल्यावर. तिला ऐकू गेलं नाही एवढाच फरक."

सगळे आता तिच्याशी जास्तच बोलतात. काकू बेकरीतून आठ खेपा घालतात. काकांनी तर कात्री चालवता चालवता वस्तूंची नावं म्हणायला सुरुवात केलीय, कंगवा, आरसा, पावडर, गिऱ्हाईकं वैतागतात. वाचन रोज दुप्पट. पुस्तकं उसनी आणलीत, नवी, चिठ्ठ्यांशिवायची. ती ऐकते. तिला सगळं समजतं, शूज आण म्हटलं की शूज आणते. फक्त तोंड उघडत नाही. भिंतीवर डोकं आपटावं असं वाटतं, पण भिंतीचं तरी काय चुकलंय?

मी बॅग भरली होती परवा. स्टँडपर्यंत गेले. तिथं एक माणूस वरातीतला बँड वाजवणाऱ्यांना शोधत होता, त्यांची गाडी चुकली होती, त्यात अर्धा तास गेला, मग माझी गाडी लागली आणि मी ती गाडी सुटताना बघितली. परत आले तेव्हा मावशी गठ्ठ्याची दोरी पुढे करत म्हणाली, बांध.

तू ये असं मी म्हणणार नाही. आलास तर काय करशील ते मला माहीत नाही. पण एकदा फोन कर, आणि तिच्याशी तिच्या बोलीत बोल. तुला ते जड आहे, मला कळतं. पण 'कळलं नाही' असं तिला आयुष्यात न म्हटलेला तू एकटाच उरलायस.


३१ मे

दादा,

तुझा फोन आला नाही. असू दे. जहाजावर कधी कधी लागतच नाही म्हणे.

आज शाळेत गेलो. या वेळी मावशी, काकू, काका, मी, सगळेच. काकांनी सलूनला कुलूप लावलं, गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं होतं त्याला उठवून. बाहेरच्या बाकावर आम्ही चौघं, चार आरोपी.

बाईंनी मला आणि मुंगीला आत घेतलं. पेला, पाव, खिडकी, पाऊस. मुंगी चित्रांकडे बघत होती. बाई थांबत होत्या, घाई करत नव्हत्या. शेवटी त्यांनी चित्रं बाजूला सारली आणि खरोखरचं पाणी आणून समोर ठेवलं. मुंगीने दोन्ही हातांनी पेला उचलला, प्यायली, जागेवर ठेवला. तोंड पुसलं. बस्स.

बाईंनी मला विचारलं, मागच्या वेळी ही एवढी बोलत होती, काय केलंत? मी सांगितलं. सगळं, बससकट. त्या ऐकत होत्या आणि डोक्यावरचा चष्मा काढून हातात फिरवत होत्या.

"मी असं करायला नव्हतं सांगितलं," त्या म्हणाल्या. रागावून नाही. जणू स्वतःलाच तपासत होत्या, सांगितलं होतं की काय.

मग त्यांनी मुंगीकडे बघितलं. म्हणाल्या, केंद्रात पाठवत नाही. आठवडाभर घराबाहेर ठेवलं तर ही आणखी मिटेल. जागा देते, वर्गात बसू दे. मी हात जोडले तर मला थांबवून म्हणाल्या, "शब्द मी शिकवीन. बोलावंसं वाटायला लावणं मला येत नाही. तेवढं तुम्ही बघा."

बाहेर येऊन सांगितलं तर काकूंनी आनंदाने मुंगीचे गाल ओढले, काका नाक शिंकरत राहिले. जागा मिळाली होती. सगळे हसत घरी आलो आणि दुकानात शिरल्यावर बाईंचं ते वाक्य आठवलं. तेवढं तुम्ही बघा, म्हणजे काय बघायचं?

मावशी म्हणाली, पुरे झालं. माझ्या बहिणीचे शब्द आहेत, शाळेत पाणी म्हणू दे, घरात डुबी म्हणू दे. काका म्हणाले, चूक माझी, माझा नियम मीच मोडतो. काकू म्हणाल्या, मी पुन्हा चिठ्ठ्या लिहिते, वेगळ्या पुस्तकात. सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड आला, दादा, की मलाही वाटलं, सुटलो.

मुंगी टेबलावर पाय सोडून बसली होती. मावशी तिच्यासमोर स्टुलावर बसली, पदराने हात कोरडे केले, मांडी थोपटली आणि म्हणाली, "हुमू? मुंगी, हुमू?"

मुंगी टेबलावरून उतरली. मावशीजवळ गेली. आम्हाला वाटलं चढणार मांडीवर. तिने आपला तळवा मावशीच्या तोंडावर ठेवला, हळूच, झोपलेल्याच्या तोंडावरची माशी हाकलावी तसा. आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा बोलली. स्वच्छ. आमच्यासारखं.

"तसं नाही म्हणायचं, मावशी. कुणाला कळत नाही."

मावशीने तो हात तिथंच धरून ठेवला. काकू वळून फळीवरचे गठ्ठे नीट लावायला लागल्या, ते नीटच होते. मी काकांकडे बघितलं, काका माझ्याकडे. आता तिला सांगायचं तर कुठल्या भाषेत सांगायचं, की आम्हाला सगळ्यांना कळत होतं?

सोमवारी शाळा आहे. मी जाते तिच्याबरोबर, दारापर्यंत.

तुझी बहीण